जुनी लस झाली. नवी पुन्हा घ्यावी काय?

प्रश्न : माझी कन्या २४ वर्षांची आहे. २०१४ साली तिला चार प्रकारांवरील एचपीव्ही लसीच्या तिन्ही मात्रा दिल्या. आता नऊ प्रकारांवरची लस आल्याने जुनी निरुपयोगी ठरली, असे नातलग म्हणतात. पुन्हा टोचून घ्यावी काय?
– एक माता, नाशिक

उत्तर : भगिनी, आपली चिंता स्वाभाविक असली तरी नातलगांचा समज चुकीचा आहे. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग ज्या १६ व १८ क्रमांकांच्या विषाणूंमुळे उद्भवतात, त्यांविरुद्धचे संरक्षण आपल्या कन्येस योग्य वयातच लाभले असून ते दीर्घकाळ टिकते. नव्या लसीने त्यात कर्करोगास कारण होणाऱ्या ३१, ३३, ४५, ५२ व ५८ या पाच प्रकारांची भर घातली आहे. मात्र पूर्वीचा क्रम पूर्ण झालेल्यांनी ती सरसकट पुन्हा घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीनेही केलेली नाही.

तथापि ऐपत असून इच्छा असल्यास हरकत नाही. शेवटच्या मात्रेस किमान १२ महिने लोटलेले असावेत, ही अट आपल्या बाबतीत केव्हाच पूर्ण झाली आहे. गरोदरपणी ती घेऊ नये. पूर्वीच्या मात्रेने तीव्र अ‍ॅलर्जी झाली असल्यास मुळीच नाही. पुण्यात तयार होणारी सर्वाव्हॅक चार प्रकारांचीच असल्याने, केवळ नवी म्हणून ती घेण्यात काही हशील नाही.

माझा खरा आग्रह निराळाच आहे: कोणतीही लस सर्व प्रकारांना आवर घालीत नाही, म्हणून तिशीपासून गर्भाशयमुखाची नियमित तपासणी कन्येने चुकवू नये.