बाग कोणाची?

जुन्नर शहराच्या पूर्वेला हापूसबाग नावाचे गाव आहे. नाव ऐकले की तोंडाला पाणी सुटते. वाटते, इथे हापूस आंब्याची बाग असेल. पण नावाची गोष्ट निराळी आहे. मूळ नाव 'हबशी बाग'. बोलता बोलता त्याचे 'हापूसबाग' झाले, असे मानतात.

हबशी म्हणजे कोण? समुद्रापलीकडे आफ्रिका नावाचा मोठा खंड आहे. तिथल्या हबसाणातून आलेल्या लोकांना आपल्याकडे हबशी म्हणत. त्यांतल्या पुष्कळांना गुलाम म्हणून विकत आणलेले होते. पण काही जण शौर्याने आणि हुशारीने सरदार झाले. मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत मोठा. गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. तो १६२६ साली वारला.

निजामशाही १४९० साली सुरू झाली, तेव्हा जुन्नर हीच तिची राजधानी होती. पुढे राजधानी अहमदनगरला गेली. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. मलिक अंबरच्या काळात ती काही वर्षे पुन्हा जुन्नरला आली. राजधानी आली की सरदार आले, व्यापारी आले. मग वाडे आले आणि बागा आल्या. हापूसबागेचा जुना हबशी महाल आणि तिथला मोठा घुमट हे त्या वैभवाचे अवशेष आहेत.

आता एक प्रश्न. हे बडे लोक शहर सोडून बाहेर का राहत? कारण सोपे आहे. तटाच्या आत गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेले. तिथे वारा नाही, सावली नाही. साथ आली की ती घरोघर पसरायची. बाहेर मोकळी जागा असे. विहीर खणता येई, झाडे लावता येत. म्हणून ज्याच्याजवळ पैसा, तो शहराच्या कडेला झाडीत घर बांधी. अशा वस्तीला आज आपण उपनगर म्हणतो.

पण पैशाने झाड वाढते का? झाड वाढते पाण्याने आणि मेहनतीने. पाथरवटाने दगड घडवला. सुताराने खांब तासले. गवंड्याने कमान उभी केली. माळ्याने मोट हाकली, तेव्हा बाग हिरवी राहिली. वाड्याला नाव मिळाले धन्याचे. मेहनत करणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांना स्वतःलाही लिहिता येत नव्हते.

आपल्याच भागातली दुसरी बाग पाहू या. ती होती जुन्नर तालुक्यात हिवरे गावी. इंग्रज कंपनीच्या राज्यात अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर होता. १८३८ साली तो पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला. हिवऱ्याच्या बागेचे कामही तोच पाहू लागला. ही बाग शोभेची नव्हती. तिथे सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती लावत. त्यांची औषधे सरकारी औषधभांडारात जात.

हा गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला जंगल-अधिकारी झाला. डोंगर उघडा पडला की ओढे आटतात, हे त्याने सरकारला पटवून दिले. आपल्या शेतकऱ्याला हे ठाऊकच आहे. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. जंगलखात्याचे नियम आले, तशी डोंगरातल्या गोरगरिबांवर बंधनेही आली. सरपण तोडायची चोरी झाली. झाड वाचवताना झाडाखालच्या माणसाचाही विचार करावा लागतो.

आता पुण्याची वाट धरू. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत आपण पुण्याकडे जातो. पुणे जवळ आले की दापोडी लागते. इथल्या बंगल्यात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर येऊन राहत. त्याच बंगल्याच्या आवारात गिब्सनची बाग होती. पुढे गव्हर्नरांना हे घर लहान वाटू लागले. मग जवळच गणेशखिंडीत नवा राजवाडा बांधायला काढला. काम १८६४ साली सुरू झाले आणि १८७१ साली पुरे झाले. उंच मनोरा झाला, मोठमोठी दालने झाली, भोवती शेकडो झाडे लागली. खर्च लाखो रुपयांचा. खुद्द इंग्रजांच्या पार्लमेंटातही त्यावर टीका झाली.

त्या आवारात आपल्या माणसाला मान नव्हता. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेगच्या बंदोबस्तात लोकांचा फार छळ झाला. त्याच साली २२ जूनला या राजवाड्यात इंग्लंडच्या राणीचा उत्सव झाला. उत्सवाहून परत जाणाऱ्या रँड साहेबावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. लोकांचा संताप त्या झाडीच्या रस्त्यावर असा बाहेर पडला.

मग देश स्वतंत्र झाला. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. गव्हर्नरांचा तो राजवाडा विद्यापीठाला मिळाला. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. ज्या माउलीने अंगावर शेण-चिखल झेलून मुलींना शिकवले, तिचे नाव आज त्या राजवाड्याला शोभते आहे. जुन्नर-आंबेगावची मुले-मुली तिथे शिकायला जातात. वडाची झाडे तीच आहेत, मनोराही तोच आहे. धनी मात्र बदलला.

बाग आपली झाली, म्हणजे राखणही आपलीच झाली. आंबेगावकरांना हे सांगायला नको. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. घरे गेली, अंगणे गेली. धरणाच्या पाण्याने शेते भिजली, पण ते गाव परत आले नाही. ते धरणापायी गेले. जुना महाल मात्र आपल्या हयगयीनेच जातो. कोणी त्याचा चिरा उचलून गोठ्याला लावतो. कोणी कचरा टाकतो. कोणी कोळशाने किंवा खिळ्याने भिंतीवर नाव कोरतो.

हे शेवटचे आम्ही मुद्दाम सांगतो. आपण नुकतेच लिहायला शिकलो आहोत. आपले नाव लिहिताना छाती भरून येते, आणि ती यायलाच पाहिजे. पण ते नाव वहीत लिहा, सातबारा नीट वाचून अर्जाखाली लिहा, ग्रामसभेच्या नोंदवहीत लिहा. शिवनेरीच्या दगडावर किंवा हापूसबागेच्या भिंतीवर ते लिहू नका. ज्यांनी तो दगड घडवला, त्यांना स्वतःचे नाव लिहिता आले नाही. त्यांची एवढीच एक खूण उरली आहे. ती पुसू नये.

विचार करा आणि वहीत लिहा :
१. 'हापूसबाग' हे नाव कशावरून पडले असे मानतात?
२. हिवऱ्याच्या बागेत काय लावत असत?
३. तुमच्या गावातील सर्वांत जुने झाड कोणते? जुनी इमारत कोणती? तिची राखण कोण करते?