सायनसमधली हाडाची गाठ : पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

डोकेदुखीसाठी सीटी स्कॅन काढला, रिपोर्टात ‘फ्रंटल ऑस्टिओमा’ असं आलं, की घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. ऑस्टिओमा कॅन्सर नव्हे. ही हाडाची साधी गाठ, बहुतेकदा कपाळामागच्या सायनसमध्ये आढळणारी आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी. त्यामुळे खर्चाचा विचार करायला सहसा वेळ मिळतो.

नुसतं लक्ष ठेवायचं असेल तर
गाठ लहान आणि त्रास नसेल, तर खर्च फक्त तपासणीचा आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच्या सीटीचा. जुन्या स्कॅनची सीडी जपा. गाठ वाढली का, हे तीच शेजारी लावून कळतं.

डोळा सांगू लागला तर
सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधलं हाड पातळ असतं. गाठ तिकडे वाढली की डोळा पुढे किंवा खाली ढकलला जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळ्यातून पाणी गळतं. दोन वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन आरशासमोर उभे राहा, फरक दिसतो. इथे कान-नाक-घसा तज्ज्ञांबरोबर नेत्रतज्ज्ञांची फीही धरा.

ऑपरेशनचं बिल
नाकावाटे दुर्बिणीतून की बाहेरून छेद घेऊन, यावर आकडा बदलतो. अंदाजपत्रक लेखी घ्या. ड्रिल, नेव्हिगेशन, भूलतज्ज्ञ आणि काढलेल्या गाठीची तपासणी पॅकेजमध्ये आहे का, हे विचारा.

विमा
‘आरोग्य संजीवनी’सारख्या पॉलिसीत साध्या गाठींना २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. खोलीभाड्याची मर्यादा ५,००० रुपये असताना १०,०००ची खोली घेतलीत, तर डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मंजूर होतात.

सवलत
महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत (वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत (३,६०,०००पर्यंत) असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना दाखल होण्याआधीच भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा.

एक अपवाद लक्षात ठेवा : नजर मंद झाली, किंवा तापासोबत पापणी सुजली, तर दरांची चौकशी थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.