विशेषनामाचे सामान्यनाम

हिंगोलीच्या बाजारात, कचेऱ्यांच्या आसपास, कागदांच्या नकला काढून देणारी दुकाने तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या पाट्यांवर ‘झेरॉक्स’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. आतले यंत्र मात्र पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचे असते!

झेरॉक्स हे एका अमेरिकन कंपनीचे नाव. चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ओल्या शाईवाचून, कोरड्या भुकटीने पहिली नक्कल उमटविली. ग्रीक भाषेत ‘झेरॉस’ म्हणजे कोरडे. त्यावरून हे नाव घडले. म्हणजे झेरॉक्स हे विशेषनाम होय. परंतु “दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून आण,” असे वडील सांगतात, तेव्हा ते कोणत्याही नकलेविषयी बोलत असतात. विशेषनामाचे सामान्यनाम झाले ते असे.

याहून जुने उदाहरण डालड्याचे. १९३७ साली या नावाचे वनस्पती तूप आपल्या देशात विकले जाऊ लागले. पुढे कोणत्याही कारखान्याच्या वनस्पती तुपास लोक डालडाच म्हणू लागले. आता, मुलांनो, एक गंमत पाहा. ‘घोडा’ या शब्दास प्रत्यय लागताना ‘घोड्याचा’, ‘घोड्यास’ असे सामान्यरूप होते. टाटा, बाटा ही नावे तशी बदलत नाहीत. ‘बाट्याची चप्पल’ असे कोणी म्हणत नाही. परंतु ‘डालड्यात तळलेली पुरी’ असे आपण सहज बोलून जातो. परक्या डब्यावरील नावाला मराठीने घोड्याच्या पंक्तीस बसविले! हा निर्णय कोणा व्याकरणकाराने दिला नाही. तो स्वयंपाकघरात झाला.

आपले नाव सर्वांच्या तोंडी झाले, तर कंपनीला आनंदच वाटेल, असे तुम्हांस वाटेल. परंतु त्यात तिला धोकाही असतो. ॲस्पिरिन हे बायर या जर्मन कंपनीने आपल्या औषधास दिलेले नाव. १९२१ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने असे ठरविले की, सामान्य ग्राहकांच्या लेखी ॲस्पिरिन हे त्या औषधाचेच नाव झाले आहे. म्हणून इतरांनाही ते वापरता येईल. पैसा खर्चून रुजविलेले नाव असे हातचे गेले. म्हणूनच झेरॉक्स कंपनीने जाहिराती देऊन लोकांना विनविले की, आमचे नाव नक्कल काढण्याच्या क्रियेस देऊ नका. हिंगोलीच्या पाट्यांवर त्या विनवणीचा काही परिणाम दिसत नाही.

ग्राहकानेही थोडे सावध असावे. दुकानात नुसते ‘कोलगेट’ मागितले, तर दुकानदार कोणतेही दंतमंजन पुढे करील, आणि त्यात त्याची लबाडी असेलच असे नाही.

शेततळे खणणाऱ्या यंत्रास आपल्या गावोगावी ‘जेसीबी’ म्हणतात. १९४५ साली इंग्लंडात आपला उद्योग सुरू करणाऱ्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची ही इंग्रजी आद्याक्षरे. यंत्र दुसऱ्या कारखान्याचे असले तरी ते जेसीबीच. आणि ते चालविणारा, त्याचे स्वतःचे नाव काही असो, गावाच्या तोंडी ‘जेसीबीवाला’.