तक्रार करणाऱ्याचे नाव आणि बाजारातला शक

वहीत एखादी रक्कम नावे पडली आणि तिची पावती सापडली नाही, तर दिवाणजी ती उचंत खात्याला टाकतो. वर्षअखेरीस ते खाते मिटले नाही की भागीदार एकमेकांकडे पाहू लागतात. चोरी झालीच असेल असे नाही, पण खाते मिटले नाही म्हणून शक राहतो. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांच्या खुनाचे प्रकरण असेच उचंत खात्यात पडून आहे.

शेट्टी हे माहितीचा अधिकार वापरून जमिनींचे व्यवहार तपासणारे कार्यकर्ते. मावळ तालुक्यात ताजे व पिंपळोली या गावांच्या शिवारात बनावट कागदांच्या आधारे जमिनी घेतल्या गेल्या, अशी तक्रार त्यांनी २००९ साली लोणावळा पोलिसांकडे केली. तक्रारीचा रोख आर्यन इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीवर, म्हणजे रस्ते बांधणाऱ्या आयआरबी समूहाच्या उपकंपनीवर होता. आपल्या जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असेही त्यांनी पोलिसांना कळवले होते. ते मिळाले नाही. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला बाहेर पडले असता तळेगावातच त्यांच्यावर हल्ला झाला व ते मरण पावले.

पुढचे थोडक्यात सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. पुणे ग्रामीण पोलिसांनी काही जणांना धरले, पण त्यातून खटला उभा राहिला नाही. त्याच वर्षी तपास सीबीआयकडे गेला. २०१४ साली सीबीआयने पुरेसा पुरावा नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. २०१५ मध्ये तपास पुन्हा उघडला, २०१६ मध्ये दोन पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाली, आणि २०१८ मध्ये पुन्हा तोच अहवाल आला, पुरावा अपुरा.

येथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. कंपनीने आरोप नाकारले आहेत, आणि खुनाबाबत तिच्यावर वा तिच्या माणसांवर कोणत्याही न्यायालयात काही शाबित झालेले नाही. चहाच्या टपरीवर बसून ‘यानेच केले’ म्हणणे सोपे असते. अशा बदगुमानीने आपल्या बाजारात चांगल्या चांगल्या पेढ्या बसल्या आहेत. परंतु लोकांच्या मनात शक का राहिला, हेही समजून घ्यावे लागते. तक्रारदाराचे नाव उघड होते. त्याने आधी संरक्षण मागितले होते. मग तो मारला गेला, आणि मारणारा कोण ते ठरलेच नाही. या परिस्थितीत कंपनी निर्दोष असली तरी तिलाही निर्दोष ठरवून घेता येत नाही. मयताच्या घरच्यांना न्याय नाही आणि ज्यांची नावे आली त्यांना सुटका नाही. अर्धवट तपासाने दोन्ही बाजूंचे नुकसान होते, हे व्यापारी माणसाला लवकर कळावे.

आतले गैरप्रकार बाहेर सांगणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ म्हटले आहे. मी उर्दू शाळेत शिकलेला, मला हा शब्द उशिरा कळला. गावात रात्री पहारा देणारा तो जागल्या. त्याची हाक सगळ्यांनी ऐकायची असते, नव्या जागल्यांचे मात्र नाव लपवावे लागते.

नाव कसे फुटते, याचे उदाहरण गयेचे आहे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातील गैरप्रकारांबद्दल त्यांनी २००२ साली पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. सीबीआयने ही वाटमारी ठरवली आणि २०१० साली तिघांना शिक्षाही झाली. तरी पत्र फिरल्यामुळे पुष्कळांचे समाधान झाले नाही ते नाहीच.

दुसऱ्यांच्या चुका सांगताना आपलीही सांगावी. काही वर्षांपूर्वी माझ्या मालाच्या गाठींतून तागे कमी निघू लागले. ट्रान्सपोर्टच्या गोदामातल्या एका हमालाने मला बाजूला घेऊन सांगितले की गाठी वाटेत उसवून पुन्हा शिवल्या जातात. त्याने एक पैसा मागितला नाही. मी मालकाकडे लेखी तक्रार केली आणि ती वजनदार व्हावी म्हणून साक्षीदार म्हणून त्याचे नाव टाकले. भरपाई मला मिळाली, पण आठ दिवसांत त्याचे काम गेले. तो दुकानाच्या पायरीशी उभा राहून एवढेच म्हणाला, “शेठ, माझं नाव कशाला घातलं कागदात?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे तो कामासाठी सोलापूरला गेला.

कायद्याने आज काय मिळते ते पाहू. दुबे प्रकरणानंतर २००४ साली केंद्राने एक ठराव केला. केंद्र सरकारची खाती, सरकारी कंपन्या व सरकारी बँका यांतील भ्रष्टाचाराची तक्रार त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करता येते. पाकीट बंद असावे. ही जनहित प्रकटीकरणाची तक्रार आहे असे पाकिटावर लिहावे, आपले नाव मात्र पाकिटावर घालू नये. नाव-पत्ता आतल्या कागदात द्यावा, कारण निनावी तक्रार या ठरावाखाली घेत नाहीत. राज्य सरकारची कचेरी किंवा खासगी पेढी यात येत नाही, म्हणजे तलाठ्याची तक्रार तिकडे पाठवून उपयोग नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१४ साली संमत झाला, पण अंमलाची तारीख वर्षानुवर्षे लागली नाही.

खासगी कंपन्यांबाबत २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १७७ आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांच्या ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचे ५० कोटींहून अधिक कर्ज असलेल्या कंपनीला तक्रारीची आतली व्यवस्था ठेवावी लागते. तक्रारदाराला त्रास होऊ नये याची तजवीजही तिलाच करावी लागते.

आपल्या दुकानांना, कारखान्यांना हे कलम लागू नाही. माझ्याकडे पाच माणसे कामाला आहेत. मापात, बिलात किंवा उधारीत काही खोट दिसली तर दुकान वाढवल्यावर मला एकट्याला सांगावी, असे ठरले आहे. मी ती एका छोट्या वहीत उतरवतो. तारीख लिहितो, मालाचा नंबर लिहितो, सांगणाऱ्याचे नाव लिहीत नाही. ती वही घरी असते.