लेखणी, मुख आणि कान

पाठ: यिर्मया, अध्याय 36, नहेम्या 8:1-8, प्रकटीकरण 1:3

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीची भेट घेऊन आम्ही परत निघालों असतां एक वृद्ध भगिनी दाराशीं आली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, ज्याला अक्षर येतं त्याचं हे शास्त्र. आम्ही आपलं नुसतं ऐकायचं." चौकशी केल्यावर समजलें कीं, तेथील तरुण उपदेशकानें नुकतेंच मंडळीला सांगितलें होतें, 'ज्याला वाचतां येत नाहीं त्याचा विश्वास उसना.' त्याचा हेतु वाईट नव्हता. रात्रीच्या वर्गाला माणसें यावीं इतकेंच त्याच्या मनांत होतें. परंतु ती बाई त्या दिवसापासून उपासनेंत मागें सरकून बसूं लागली होती. त्या वेळीं आम्हीं तिला जें उत्तर दिलें तें घाईचें व अपुरें होतें. म्हणून शास्त्र पूर्वी कसें लिहिलें, पाठ केलें व वाचलें जाई, हें ह्या पाठांत सावकाश पाहूं.

प्रथम यिर्मया संदेष्ट्याकडे जाऊं. यहोयाकीम राजाच्या कारकीर्दीच्या चौथ्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्वी 605 च्या सुमारास, त्याला देवाचीं वचनें गुंडाळींत लिहिण्याची आज्ञा झाली. तोंवर तो 23 वर्षें संदेश देत होता, पण तो मुखानें. आतांहि त्यानें स्वतः लेखणी धरली नाहीं. तो बोलत गेला व बारूख शाईनें लिहीत गेला. पुढल्या वर्षीं ती गुंडाळी एका दिवसांत तीन वेळां वाचली गेली: मंदिरांत लोकांपुढें, मग सरदारांपुढें, शेवटीं राजापुढें. हिवाळ्याचे दिवस होते. राजापुढें शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले कीं राजा तेवढा भाग लेखकाच्या चाकूनें कापी व विस्तवांत टाकी. गुंडाळी सबंध जळाली. तेव्हां यिर्मयानें दुसरी गुंडाळी घेतली आणि बारूखानें त्याच्या मुखांतून तीं सर्व वचनें पुन्हां लिहून काढलीं. त्यांत आणखीहि भर पडली. राजाच्या हातीं लागलें तें फक्त चामडें किंवा कागद. जें मुखांत होतें त्याला शेगडीची आंच लागली नाहीं.

तथापि लेखणीला कमी लेखूं नये. 1947 सालीं मृत समुद्राजवळच्या एका गुहेंत यशयाच्या पुस्तकाची सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची गुंडाळी सांपडली. चामड्याचे 17 तुकडे एकास एक शिवून ती केलेली आहे. लांबी सात मीटरांहून अधिक व रकाने 54. तिच्या 40 व्या अध्यायांत, जेथें गवत सुकतें पण देवाचें वचन टिकतें असें सांगितलें आहे, नेमक्या त्याच ठिकाणीं मूळ लेखकाच्या प्रतींत कांहीं शब्द नव्हते. मागाहून दुसऱ्या कोणी ते ओळीच्या वर व समासांत बारीक अक्षरांनीं घातले. लिहिणारा मनुष्यच होता आणि त्याच्यामागें तपासणारा होता, ही गोष्ट आम्हांला मोठी धीर देणारी वाटते.

आतां एक विशेष गोष्ट. जुन्या हिब्रू लिखाणांत बहुतेक व्यंजनेंच लिहीत. काना, मात्रा, वेलांटी ह्यांसारखीं चिन्हें नसत. आपल्या भाषेंत समजा कोणीं 'मल' एवढेंच लिहिलें, तर तें माल, मला, मूल, मोल किंवा मेला ह्यांपैकीं काय, हें कागद सांगणार नाहीं. ज्यानें तें वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकलें असेल तोच बरोबर वाचील. हिब्रू शास्त्र असें शेंकडों वर्षें अर्धें चामड्यावर व अर्धें जिभेवर राहिलें. पुढें इ. स. 700 ते 1000 ह्या काळांत तिबिर्या येथील यहूदी पंडितांनीं अक्षरांच्या खालीं-वर टिंबें व रेघा घालून हे स्वर, तसेंच गाण्याचे सूरहि, नोंदून ठेविले. (सेमिनरींत असतांना ह्या टिंबांनीं आमची पुष्कळ झोप घालविली!) जेथें लिहिलेला शब्द एक व परंपरेनें वाचावयाचा दुसरा असे, तेथें त्यांनीं आंतला शब्द बदलला नाहीं, वाचावयाचा शब्द समासांत लिहिला. अशा टिंबांसह लिहिलेली, सबंध जुन्या कराराची सर्वांत जुनी तारीखवार प्रत 1008 सालच्या सुमाराची असून ती सेंट पीटर्सबर्गच्या ग्रंथालयांत आहे.

यहूद्यांच्या सभास्थानांतील मोशेच्या पंचग्रंथाच्या गुंडाळींत मात्र आजहि हीं टिंबें घालीत नाहींत. तेथें दोन नियम आहेत. लिहिणाऱ्यानें आठवणीवर भरंवसा ठेवून एक अक्षरहि लिहूं नये. समोर प्रत असलीच पाहिजे. वाचणाऱ्यानेंहि गुंडाळींत पाहूनच वाचावें; पण तिच्यांत स्वर नसल्यामुळें आधीं घरीं घोकून आल्यावांचून त्याला वाचतांच येणार नाहीं. शेजारीं एक जण टिंबांचें पुस्तक घेऊन उभा असतो व चूक झाली कीं तेथेंच थांबवितो. डोळा चुकला तर कान धरतो, कान चुकला तर डोळा.

पाठांतराला सोपें जावें म्हणून रचनाहि तशी केलेली असे. 119 व्या स्तोत्रांत 176 ओव्या आहेत, कारण हिब्रू अक्षरें 22 आणि प्रत्येक अक्षरानें आरंभ होणाऱ्या आठ-आठ ओव्या. विलापगीतांतहि हीच युक्ति आहे. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आमच्या मायबहिणींना ही युक्ति कोणीं समजावून द्यावयास नको. मध्ययुगांत बेनेडिक्टच्या नियमानें चालणारे मठवासी दर आठवड्यास 150 स्तोत्रें गाऊन पुरीं करीत. तीं पुढें त्यांच्या तोंडीं बसत.

नव्या करारांतहि हेंच दिसतें. रोमकरांस पत्र पौलानें सांगितलें व तर्तियानें लिहिलें. कलस्सै येथील पत्र मंडळींत वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळींतहि वाचविण्यास सांगितलें आहे. प्रत्येक घरीं प्रत असती तर ही सूचना कशाला? प्रकटीकरणाच्या आरंभीं आशीर्वाद आहे तो वाचणाऱ्या एकाला आणि ऐकणाऱ्या अनेकांना. कूशी षंढ रथांत एकटाच वाचीत होता, तरी फिलिप्पाच्या कानीं तें पडलें, कारण एकट्यानेंहि मोठ्यानें वाचण्याचा तेव्हां प्रघात होता. आणि एज्रानें पहांटेपासून दुपारपर्यंत वाचलें तेव्हां लेव्यांनीं अर्थ उलगडून लोकांस समजाविलें. उपदेशक बंधूंनो, येथें आपली झडती होते. अध्याय आधीं न पाहतां पुटपुटत वाचून टाकणें म्हणजे ज्यांना केवळ कान आहेत त्यांच्या ताटांतील घास काढून घेणें होय.

शेवटीं आपल्याच कोंकणांतील उदाहरण घेऊं. बेने इस्राएल लोकांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले व त्यांचीं पुस्तकें समुद्रांत गेलीं. पुढें ते गांवोगांव तेल गाळीत राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांची हिब्रू भाषा गेली, पण देव एकच आहे असें सांगणारें 'शमा' हें अनुवादांतील वचन त्यांच्या मुखीं राहिलें. सुंतेच्या वेळीं, लग्नांत, मरणसमयीं तेंच म्हणत. त्यांच्याकरितां डॉ. जॉन विल्सन यांनीं 1832 सालीं मुंबईंत हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. अक्षर परत आलें तें असें, पुष्कळ पिढ्यांनंतर. मधल्या काळांत तेल्याच्या घरांतील ज्या आजीनें तें वचन नातवाच्या कानांत घातलें, तिचा विश्वास उसना होता काय?

आम्ही दिवाळीनंतर त्या खेड्यांत पुन्हां गेलों. रात्रीचा वर्ग चालूच आहे व तो चालावा. त्या भगिनीला आम्हीं विचारलें, "आजी, तुम्हांला काय काय पाठ आहे?" ती लाजली, मग तिनें तेविसावें व एकशेंएकविसावें स्तोत्र न अडखळतां म्हटलें. उपदेशक पुस्तक उघडून बोटानें ओळी पाहत होता. एका ठिकाणीं तिचा शब्द व छापलेला शब्द जुळेना. त्यानें तिला थांबविलें, मग स्वतःच पान निरखून पाहिलें. त्याच्याच प्रतींत कोपरा फाटून तो शब्द अर्धा गेला होता.