पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली, तरीही

अपघातात पोटाला मुका मार बसलेल्या रुग्णाला आत रक्तस्राव होतोय का, हे पाहण्यासाठी एकेकाळी बेंबीखाली छेद घेत. पोटात नळी सरकवून सलाइन सोडत आणि ते लाल होऊन बाहेर येतं का, ते बघत. १९६५ पासून रुळलेली ही पद्धत पुढे सोनोग्राफीने मागे टाकली. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या शल्यचिकित्सक ग्रेस रोझिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेशेजारच्या या तपासणीला शिस्त लावली. तिचं नाव 'फास्ट'.

उताण्या रुग्णाच्या पोटात रक्त सखल जागी साचतं. म्हणून प्रोब ठेवायचा तो चारच ठिकाणी: उजवीकडे यकृत आणि किडनीच्या मध्ये, डावीकडे प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि छातीच्या हाडाखालून हृदयाकडे. पडद्यावर काळी पट्टी दिसली तर ते बहुधा रक्त. सरावलेल्या हाताला दोन-चार मिनिटं पुरतात.

काळी पट्टी दिसली नाही, की मात्र घोटाळा सुरू होतो.

मी पाहिलेला एक तरुण मोटरसायकलवरून पडला होता आणि हँडल डाव्या बरगड्यांखाली घुसलं होतं. आधीच्या रुग्णालयातून त्याला 'पोटाची सोनोग्राफी नॉर्मल' असा कागद देऊन घरी पाठवलं होतं. संध्याकाळी नातेवाइकांनी त्याला उचलून आणलं तेव्हा बीपी ठीक होतं, पण नाडी धावत होती, तळवे गार पडले होते आणि डावा खांदा दुखत असल्याची त्याची तक्रार होती. पुन्हा प्रोब ठेवला, तर प्लीहा आणि श्वासपटलाच्या मध्ये काळी चंद्रकोर. पहिली तपासणी चुकीची होती असं मला वाटत नाही. तेव्हा तिथे दिसण्याइतकं रक्त नसावं.

कारण ही तपासणी थेंब थेंब रक्त पकडत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांच्या पोटात हळूहळू सलाइन सोडलं, तेव्हा ते यकृताजवळ दिसेपर्यंत सरासरी ६०० मिलिलीटरहून अधिक आत गेलेलं होतं. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार पोटाला इजा झालेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ६८ जणांचीच इजा खाटेशेजारच्या सोनोग्राफीत सापडते. मुलांमध्ये त्याहून कमी. फाटलेलं आतडं आणि पोटाच्या पाठीमागच्या बाजूला होणारा रक्तस्राव तर सहज निसटतात. त्यात तरुण शरीर दगा देतं. तीस टक्क्यांपर्यंत रक्त गेलं तरी बीपी टिकून राहू शकतं. आधी वाढते ती नाडी.

कॅज्युअल्टीत नव्याने उभ्या राहणाऱ्या डॉक्टरांना म्हणूनच सांगणं आहे. शक्य असेल तर लघवीची नळी घालण्याआधी ओटीपोट पाहून घ्या. मूत्राशय भरलेलं असेल तर मागचं पाणी स्वच्छ दिसतं. उजवीकडे नुसत्या मधल्या फटीवर समाधान मानू नका, यकृताच्या खालच्या टोकापर्यंत जा. थोडं रक्त पुष्कळदा तिथेच आधी दिसतं. डावीकडे प्रोब आणखी वर आणि पाठीकडे न्या. रुग्णाची प्रकृती बदलली, की लगेच पुन्हा बघा, आणि बदलली नाही तरी ठरावीक वेळाने बघा. बीपी कोसळलंय आणि पट्टीही दिसतेय, तर सीटी स्कॅनच्या रांगेत वेळ घालवू नका, सर्जनला बोलवा. प्रकृती स्थिर आहे पण मार जोराचा आहे, तर सीटी स्कॅन कराच. बीपी कोसळलंय आणि पोट मात्र कोरडं दिसतंय, तर छाती, कंबरेचं हाड, मांड्या तपासा.

आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते मन मानेल तसं हलवता येत नाही. कायदा हवाच. पण म्हणून यंत्र दुसऱ्या मजल्यावर कुलपात राहणं बरं नव्हे. अपघात विभागासाठीची नोंदणी रुग्णालयाने आधीच पूर्ण करून ठेवावी.

आणि कागदावर नुसतं 'नॉर्मल' लिहू नका. तपासणी किती वाजता केली, कोणत्या जागा नीट दिसल्या नाहीत आणि पुढची कधी करायची, हे लिहा. रुग्ण घरी जाणार असेल, तर चक्कर, वाढती पोटदुखी, खांदादुखी किंवा दरदरून घाम यांपैकी काहीही झालं तर तडक परत या, हे नातेवाइकांना मराठीत, समोर बसवून सांगा.