हातचें काम आणि धंद्याची आवड

शिक्षण संपलें कीं नोकरी शोधावयाची, ही रीत आपल्या समाजांत इतकी रुळली आहे कीं, “मी स्वतःचा धंदा काढीन” असें म्हणणाऱ्या मुलाविषयीं आईबापांस प्रथम काळजीच वाटते. ती अगदींच अस्थानीं नव्हे. धंद्याची आवड व्याख्यानें ऐकून उत्पन्न होत नाहीं, व झालीच तर पहिल्या तोट्यासरशी मावळते. मग ती कशानें उत्पन्न होते? हें पाहूं इच्छिणारानें पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथील विज्ञान आश्रमाकडे वळावें.

हा आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिला. ते अन्नतंत्रज्ञानांतील शास्त्रज्ञ. मुंबईंतील एका मोठ्या कंपनींतील संशोधनाचें काम सोडून ते या अवर्षणग्रस्त भागांत येऊन राहिले. मूल बोलावयास शिकतें तें बोलूनच. त्याच रीतीनें विद्याही करीत करीत यावी, अशी त्यांची धारणा होती. म्हणून तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमांत लोखंडकाम, बांधकाम, विजेची जोडणी, माती-परीक्षण, कुक्कुटपालन, खाद्यपदार्थ तयार करणें अशीं नानाविध कामें मुलें प्रत्यक्ष करितात. दहावी नापास झालेल्यासही तेथें मज्जाव नाहीं.

आतां, हस्तव्यवसायाचे तास पुष्कळ शाळांत असतात, आणि त्यांतील कागदी फुलें कपाटांत धूळ खात पडतात! पाबळचें वैशिष्ट्य असें कीं, काम खऱ्या गरजेचें असावें व त्याचा खर्च विद्यार्थ्यानें स्वतः मांडावा. समजा, एका मुलानें लोखंडी स्टूल केलें. लोखंड ४०० रुपयांचें, वेल्डिंगचे रॉड, रंग व वीज मिळून १००, मजुरी २००. एकूण ७०० रुपये झाले, आणि बाजारांत तसेंच स्टूल ६५० रुपयांस मिळतें. हे ५० रुपये गेले कोठें? शोध करितां आढळतें कीं, माप चुकल्यामुळें एक पाय दोनदां कापावा लागला. भूमितीच्या वहींत त्याच चुकीचा एक गुण गेला असता व ती विसरलीही गेली असती. येथें मात्र मुलगा दुसरें स्टूल करावयास स्वतःच उतावीळ होतो. धंद्याची आवड म्हणतात ती येथें अंकुरते, असें आम्हांस वाटतें.

शिक्षकाविषयींही कलबागांची कल्पना विलक्षण होती. आपला विभाग धंद्याप्रमाणें चालवून दाखवील, असा उद्योजकच त्यांना शिक्षक म्हणून हवा होता. याच पद्धतीवर बेतलेला विषय महाराष्ट्रांतील कांहीं माध्यमिक शाळांतूनही चालतो. त्यांत आठवीपासून दहावीपर्यंतचीं मुलें आठवड्यांतून एक दिवस काम करितात.

अर्थात् तेथून बाहेर पडलेला प्रत्येक जण कारखानदार होतो, असें नाहीं. कोणी वेल्डिंगचें दुकान घालितो, कोणी कोंबड्या पाळितो, कोणी सरळ नोकरी धरितो. भांडवलाची अडचणही राहतेच. पण ज्यास आपल्या मालाचा खर्च मांडतां येतो, त्यास उसने पैसे मागतांना निदान किती व कशासाठीं हें सांगतां येतें.